भाव दिसतो, कारण दिसत नाहीं
(गांवच्या शाळेंत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



आजच्या विषयाचें नांव ऐकून कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. 'अर्थशास्त्रांत वास्तववादी तत्त्वज्ञानाचें काम काय?' असा हा विषय आहे. तत्त्वज्ञान म्हटलें कीं ब्रह्म-मायेचा घोळ डोळ्यांपुढें येतो, आणि अर्थशास्त्र म्हटलें कीं शहरांतल्या पंडितांचे आकडे. आमच्या गोठ्याशीं, भात्याशीं, मागाशीं याचा काय संबंध, असें कोणी विचारलें तर त्याचें चुकलें असें आम्ही म्हणणार नाहीं. आम्ही स्वतः खेड्यांतलेच. ट्रेनिंग कॉलेजांत मराठींतून शिकलों, आणि आज वीस वर्षें पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवीत आहों. तरी हा विषय आम्हीं मुद्दाम घेतला, त्याचें कारण अगोदर सांगतों.

८ डिसेंबर २०२३ पासून सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. बाजार धाडकन् खालीं आला. त्या आठवड्यांत आपल्यांतलेच एक शेतकरी बांधव हातांत विक्रीची पट्टी घेऊन शाळेंत आले. म्हणाले, "मास्तर, पोरीच्या बारावीच्या पुस्तकांत लिहिलें आहे कीं, भाव उतरला म्हणजे विकणारा कमी माल बाजारांत आणतो. मग मीं सगळा माल कां नेऊन ओतला? मी मूर्ख आहें काय?"

बंधूंनो, तें 'मूर्ख' आमच्या काळजाला लागलें. आम्हांला त्या दिवशीं नीट उत्तर देतां आलें नाहीं. पुस्तक खोटें म्हणावें तर तें शिकलेल्यांनीं लिहिलेलें. आणि माणूस मूर्ख म्हणावा तर त्याच्यासारखा हिशेबी माणूस पंचक्रोशींत नाहीं. त्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां आम्ही ज्या विचाराशीं येऊन पोहोंचलों, तो आज आपल्यापुढें मांडतों.

प्रथम वास्तववाद म्हणजे काय तें पाहूं. जग आहे तें आहे; आपण पाहिलें म्हणून तें होत नाहीं, आणि डोळे मिटले म्हणून जात नाहीं. एवढें तर कोणीही कबूल करील. पण वास्तववादी याच्यापुढें एक पाऊल टाकतो. तो म्हणतो, डोळ्यांना दिसतें तेवढेंच वास्तव नसतें. दिसणाऱ्या गोष्टींच्या खालीं, त्या घडवून आणणाऱ्या शक्ति असतात, आणि त्याही तितक्याच खऱ्या असतात.

आमचे कुंभारदादा पुढेंच बसले आहेत, त्यांच्या धंद्यांतलें उदाहरण घेऊं. आवा उघडला आणि एक मडकें तडकलेलें निघालें. तडा आपल्याला सकाळीं दिसला. हा झाला अनुभव. पण मडकें तडकलें तें रात्रीं, कोणी पाहात नसतांना. ती झाली घटना. आणि तडकलें कां? तर मातींत चुनखडीचा खडा राहिला होता. तो खडा मडकें फोडण्याची शक्ति बाळगून मातींत बसला होता. तें मडकें आव्यांत घातलेंच नसतें तर तडाही गेला नसता. तरी खड्याची शक्ति तेथें होतीच. म्हणजे वर अनुभव, त्याच्या खालीं घटना, आणि सर्वांच्या खालीं शक्ति, असे हे तीन थर झाले. आतां जो माणूस नुसते तडे मोजीत बसेल, शंभरांत इतकीं मडकीं फुटलीं असा तक्ता करील, पण मातींत हात घालून खडा शोधणार नाहीं, त्याचा आवा कधीं सुधारेल काय?

हे तीन थर जगाच्या तत्त्वज्ञानांत स्पष्टपणें मांडणाऱ्या पंडिताचें नांव रॉय भास्कर. यांचा जन्म १९४४ सालीं इंग्लंडांत झाला. वडील हिंदी, आई इंग्रज. ऑक्सफर्डला ते आधीं अर्थशास्त्र शिकले व शिकवूंही लागले. प्रबंधासाठीं त्यांनीं विषय घेतला तो असा कीं, पुस्तकांतलें अर्थशास्त्र गरीब, मागासलेल्या देशांना कितपत लागूं पडतें? म्हणजे आपल्या पट्टीवाल्या बांधवाचाच प्रश्न! त्याचा शोध घेतां घेतां त्यांना दिसून आलें कीं, खोट मुळांत आहे. शास्त्र म्हणजे काय, याचीच समजूत चुकली आहे. म्हणून ते अर्थशास्त्र सोडून तत्त्वज्ञानाकडे वळले. १९७५ सालीं त्यांचा शास्त्रांच्या वास्तववादी मीमांसेचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २०१४ सालीं ते वारले.

त्यांचा मुद्दा थोडक्यांत असा. प्रयोगशाळेंत शास्त्रज्ञ काय करतो? बाहेरच्या सर्व गोष्टी अडवून एकच शक्ति मोकळी ठेवतो आणि तिचें काम पाहातो. तें बंद खोलीचें जग आहे. तेथें 'अमुक झालें कीं तमुक होतेंच' असें म्हणतां येतें. पण शेत आणि बाजार हें उघडें जग आहे. तेथें पाऊस आहे, सरकारचा हुकूम आहे, सावकाराचा तगादा आहे, लेकीचें लग्न आहे, आणि साऱ्या शक्ति एकाच वेळीं एकमेकींना ओढीत असतात. झाडावरचा आंबा पृथ्वी क्षणोक्षणीं खालीं ओढीत असते. देंठानें धरला आहे म्हणून पडत नाहीं. आंबा पडला नाहीं म्हणून ओढ खोटी नव्हे. तसेंच, 'भाव उतरला कीं माल मागें राहतो' ही ओढ खरी असूं शकेल. पण तिला अडविणारा देंठ कोणता, हें शोधल्यावांचून बाजाराचें ज्ञान पुरें होत नाहीं.

हा विचार अर्थशास्त्रांत नेटानें नेला तो केंब्रिजचे टोनी लॉसन यांनीं. हे मूळचे गणिताचे विद्यार्थी. १९९७ सालीं त्यांनीं 'अर्थशास्त्र आणि वास्तव' या अर्थाच्या नांवाचें पुस्तक लिहिलें. गणित येत नाहीं म्हणून गणिताला नांवें ठेवणारा हा माणूस नव्हे. गणित येतें म्हणूनच त्याची हद्द त्यांना ठाऊक. ते म्हणतात कीं, अलीकडच्या अर्थपंडितांनीं आधीं हत्यार निवडलें आणि मग जग त्या हत्याराला बसेल असें कापून घेतलें. सुतारदादांनो, करवत आवडते म्हणून कोणी खिळाही करवतीनेंच ठोकूं लागला तर त्याला आपण काय म्हणूं?

आतां दुसऱ्या बाजूचेंही ऐकलें पाहिजे. न्यायसभेंत एकाच पक्षाची साक्ष घेणें बरें नव्हे. अमेरिकेचे मिल्टन फ्रीडमन हे मोठे नांवाजलेले अर्थशास्त्रज्ञ. १९५३ सालीं त्यांनीं एक निबंध लिहिला, तो आजही या वादांत पुढें येतो. त्यांचें म्हणणें असें कीं, शास्त्रांतलीं गृहीतें खरीं आहेत कीं नाहींत हें पाहूंच नका. त्यावरून काढलेलें भाकीत खरें ठरतें कीं नाहीं तेवढें पाहा. त्यांनीं झाडाच्या पानांचा दाखला दिला. पानें अशीं लागतात कीं जणूं प्रत्येक पान जास्तींत जास्त ऊन मिळावें म्हणून हिशेब करून जागा निवडतें. पान हिशेब करीत नाहीं हें आम्हांला ठाऊक आहे; पण तसें धरून चाललें तर कोठें दाट पानें असतील हें बरोबर सांगतां येतें ना? मग झालें!

हें म्हणणें टाकाऊ नाहीं. नकाशांत झाडें, गुरें, माणसें नसतात, तरी नकाशा वाट दाखवितो. फिनलंडचे उस्कालि मॅकी हे स्वतः वास्तववादी. पण तेही सांगतात कीं, कांहीं गोष्टी बाजूला ठेवून एकच शक्ति वेगळी काढून पाहणें हें खोटेपण नव्हे, मात्र ती वेगळी काढलेली शक्ति खरोखर अस्तित्वांत असली पाहिजे. हें आम्हांला पटतें. नकाशांतून गुरें वगळलीं तर चालतें; नदी वगळली तर वाटसरू बुडतो. अर्थशास्त्राच्या कित्येक नकाशांतून जी नदी वगळली आहे, ती म्हणजे माणसाची थांबण्याची ताकद. कोणाला थांबतां येतें आणि कोणाला येत नाहीं, यावर बाजारांत कोणाचें पारडें जड हें ठरतें. पण भावाच्या आंकड्यांत ती ताकद दिसत नाहीं.

शिवाय भाकीतावर भरवसा ठेवणाऱ्याला आम्ही एकच विचारतों. भाकीत चुकलें म्हणजे काय कराल? विहिरीवरची मोटर रोज चालते तोंपर्यंत आंत काय आहे हें न जाणतांही बटण दाबून चालतें. ती बंद पडली कीं आंतलें जाणणारा मिस्त्रीच लागतो. १५ सप्टेंबर २००८ रोजीं अमेरिकेंत लेहमन ब्रदर्स ही मोठी पेढी बुडाली आणि तिच्यामागून साऱ्या जगाचा व्यवहार कोसळूं लागला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत इंग्लंडच्या राणीनें लंडनच्या अर्थशास्त्राच्या प्रसिद्ध शाळेंत जाऊन पंडितांना विचारलें कीं, हें कोणाच्याच ध्यानांत कसें आलें नाहीं? ब्रिटिश अकॅडमीच्या मंडळींनीं २००९ च्या जुलैंत राणीला पत्र लिहून, पुष्कळ हुशार माणसांच्या सामुदायिक कल्पनाशक्तीची ती चूक झाली, अशा अर्थाचें उत्तर दिलें. त्यावर जेफ्री हॉजसन आदिकरून दहा अर्थपंडितांनीं राणीला दुसरें पत्र धाडलें, आणि खरें कारण उलगडून सांगितलें कीं, आमच्या विद्यार्थ्यांना गणिताच्या क्लृप्त्या शिकवल्या जातात. इतिहास, माणसाचें मन, पेढ्यांची खरी घडण हें शिकवलें जात नाहीं. म्हणजे मोटर बंद पडली, आणि बटण दाबणारेच पुष्कळ निघाले!

पण हें साहेबांच्या देशाचें झालें. आतां आपल्या देशांतला, अंगावर कांटा आणणारा दाखला ऐका.

१९४३ सालीं बंगालांत दुष्काळ पडला. सरकारी चौकशीमंडळानें सुमारें १५ लाख माणसें मेलीं असें धरलें. पुढच्या अभ्यासकांनीं आंकडा ३० लाखांच्या आसपास नेला. माणसें कां मेलीं? सरळ उत्तर, तांदूळ नव्हता. अमर्त्य सेन त्या वेळीं बंगालांतच शाळकरी पोर होते. त्यांनीं तीं उपाशी माणसें डोळ्यांनीं पाहिलीं होतीं. मोठेपणीं त्यांनीं हिशेब मांडला आणि १९८१ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबानें १९४३ चा तांदुळाचा पुरवठा आधींच्या पांच वर्षांच्या सरासरीपेक्षां सुमारें ५ टक्केच कमी होता, आणि १९४१ पेक्षां तर १३ टक्के जास्त होता. १९४१ सालीं असा दुष्काळ नव्हता. मग १९४३ सालीं कां?

सेनांनीं विचारलें, मेलें कोण? शेतमजूर, मासेमार, भात कांडणाऱ्या बाया, ओझीं वाहणारे, कारागीर. लढाईच्या खर्चानें पैसा स्वस्त झाला, तांदुळाचा भाव भडकला. पण मजुराची मजुरी त्या मानानें वाढली नाहीं. कलकत्त्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना स्वस्त धान्य पुरविण्याची सोय झाली. खेड्यांतल्या मजुराला कोणी वाली नव्हता. पोटाला चिमटा बसला कीं लोक पहिल्यानें काय बंद करतात? हजामत बंद, नवें मडकें बंद, जोडा बंद. म्हणजे न्हाव्याच्या वस्तऱ्याची धार तीच, कुंभाराचें चाक तेंच, पण त्या कामाच्या बदल्यांत मिळणारा तांदूळ मुठीभरावर आला. उलट, ज्या बटाईदाराला वाटा तांदुळांतच मिळत होता तो पुष्कळ अंशीं तगला. तांदूळ बाजारांत होता. त्या तांदुळावर माणसाचा हक्क लागत नव्हता.

त्या सालीं पीक खरोखर किती आलें याविषयीं पुढें अभ्यासकांत वाद झाला. भातावर रोग पडून पीक फार बुडालें होतें असें दाखविणारेही आहेत. तो वाद आम्ही लपवीत नाहीं. पण पीक पांच टक्क्यांनीं बुडालेलें असो कीं पंचवीस, न्हावी मेला आणि त्याच गांवचा जमीनदार जगला, याचें उत्तर पिकाच्या आंकड्यांत नाहीं. तें त्या दोघांना तांदुळाशीं जोडणाऱ्या संबंधांत आहे. सेन हे भास्कर-लॉसन यांच्या संप्रदायांतले नव्हते. पण त्यांनीं केलें तें तेंच. तडे मोजून ते थांबले नाहींत; त्यांनीं मातींत हात घालून खडा काढला.

आपल्या महाराष्ट्रांतही असा खडा काढणारे होऊन गेले. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतल्या सुपें गांवीं १२ मे रोजीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं दप्तरें जाळलीं, आणि तें लोण पुणें-नगरकडे पसरलें. त्या काळीं विद्वान् म्हणत कीं कुणबी लग्नांत उधळतो म्हणून कर्जांत बुडतो. सरकारनें नेमलेल्या चौकशीमंडळालाच कबूल करावें लागलें कीं, लग्नखर्चाच्या कारणाला फाजील महत्त्व दिलें गेलें आहे. पुढें १८८३ सालीं जोतीरावांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यांत त्यांनीं शेतकऱ्याचें घर, त्याचें अंथरूण, त्याच्या ताटांतलें अन्न यांची सारा, अंमलदार, भटशाही आणि अविद्या यांच्याशीं कारणांची साखळी जोडून दाखविली. भास्करांचा ग्रंथ येण्याच्या ब्याण्णव वर्षें आधींची ही गोष्ट. वास्तववाद हें नांव त्यांनीं घेतलें नसेल, पण दिसतें त्याच्या खालीं पाहण्याची ती रीत आपल्या घरचीच आहे.

मात्र येथें एक गोष्ट आपल्याच पक्षाला ऐकवली पाहिजे. "आम्हीं भोगलें आहे, आम्हांला ठाऊक आहे," असें आपण छाती ठोकून म्हणतों. बंधूंनो, भोगणें हा वरचा थर झाला. तडा ज्याच्या मडक्याला गेला त्याला दुःख खरें, पण म्हणून खडा कोठें होता हें त्याला आपोआप कळत नाहीं. तो शेजाऱ्याची नजर लागली म्हणतो, नशीब म्हणतो, नाहींतर समोर दिसला त्या व्यापाऱ्याला शिव्या घालतो. व्यापारी लबाड नसतोच असें नाहीं. पण उद्यां तो व्यापारी बदलून देवमाणूस आणला, आणि थांबण्याची ताकद एकाच बाजूला राहिली, तर भावाचें पारडें फारसें हलणार नाहीं. माणसावर राग काढणें सोपें. संबंध शोधून काढायला वही, पेन्सिल आणि धीर लागतो. सेनांनीं आंकडे टाकून दिले नाहींत, आंकड्यांना योग्य प्रश्न विचारले. आपल्यालाही हिशेब नको असें म्हणून चालणार नाहीं.

आतां आमच्या त्या पट्टीवाल्या बांधवाकडे परत येतों. त्यांना त्या दिवशीं जें सांगतां आलें नाहीं, तें आज सर्वांदेखत सांगतों. दादा, तुमचा डिसेंबरचा कांदा लाल कांदा. उन्हाळी कांदा चाळींत चार-पांच महिने राहतो, लाल कांद्याला तो गुण नाहीं. तो ठेवला तर सडतो. ही झाली मालाची शक्ति. सोसायटीच्या कर्जाची तारीख, दुकानदाराची खत-औषधाची उधारी, पुढच्या पिकाचें बियाणें, हें थांबायला तयार नव्हतें. हे झाले तुमचे संबंध. दिल्लीहून हुकूम आला तो एका दिवसांत. पुस्तकानें धरलें होतें कीं विकणारा थांबूं शकतो. तुम्ही थांबूं शकत नव्हतां. तुम्ही मूर्ख नव्हतां आणि पुस्तक सर्वस्वीं खोटें नव्हतें. पुस्तकानें सांगितलेली ओढ खरी होती, पण तुमचा देंठ त्याला दिसला नव्हता.

कोणी म्हणेल, एवढें समजून कांद्याला भाव थोडाच मिळाला? नाहीं मिळाला. पण कारण चुकलें म्हणजे उपाय चुकतो. बुडाल्याचें कारण आपलें डोकें आहे असें जो मानतो, तो लाजेनें घरांत बसतो, बायकापोरांशीं बोलेनासा होतो. आणि असे किती कर्ते पुरुष आपण गमावले हें आपण सारे जाणतों. कारण नशीब आहे असें जो मानतो, तो नवस करतो. पण कारण थांबतां न येणें हें आहे असें ज्याला कळलें, तो म्हणतो, टिकणाऱ्या वाणाचा वांटा वाढवूं, चार घरें मिळून चाळ बांधूं, कर्जाची तारीख पिकाच्या हंगामाशीं जुळवून मागूं, हुकूम काढण्याआधीं आम्हांला मुदत द्या असें सरकारला खडसावून विचारूं. हीं कामें लगेच होतील असें नाहीं. पण खडा हातीं लागल्यावर माती चाळायची कशी हें तरी कळतें.

म्हणून आमची सर्वांना एवढीच विनंति आहे. आजपासून घरांत एक वही घाला. भाव लिहा, पण भावाच्या शेजारीं चार गोष्टी आणखी लिहा. त्या दिवशीं आपल्याला किती दिवस थांबतां आलें असतें? कोणाचें देणें डोक्यावर होतें? समोरच्याला किती थांबतां आलें असतें? आणि आपण दोघांनींही न केलेला कोणता हुकूम मध्यें आला? लोहारदादांनीं, चांभारदादांनीं, शिवणकाम करणाऱ्या ताईंनीं आपापल्या धंद्याप्रमाणें हेंच लिहावें. लिहितां येत नसेल त्यांनीं पोराकडून लिहवून घ्यावें. पोरांचा हिशेब सुधारेल तो निराळाच. पुढल्या वर्षीं या वह्या घेऊन याच ओट्यावर बसूं. मग मोठमोठ्या ग्रंथांत जें लिहिलें आहे, त्यांतलें आपल्याला काय लागूं आणि काय नाहीं, हें कोणा पंडिताला विचारावें लागणार नाहीं.

आमच्या त्या बांधवांची पोर यंदां कॉलेजांत अर्थशास्त्रच शिकते आहे, आणि आज ती मागल्या बांकावर बसली आहे. पोरी, पुस्तक मन लावून वाच, परीक्षेंत पुस्तकांतलें लिही; पण पानाच्या समासांत बापाची पट्टी चिकटवून ठेव.